कमलाबाई सोहोनी यांचा धडा

गार्गीचें नांव आपण अभिमानानें घेतों. पण तिच्यासारखी कन्या ज्ञान मागावयास आली, कीं तिचा अधिकार विचारतों. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. होऊन कमला भागवत बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत गेल्या. संचालक सर चंद्रशेखर रामन यांनीं केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनीं कारण विचारलें, आग्रह धरला. तेव्हां एक वर्ष काम पाहून मग मान्यता देऊं, या अटीवर प्रवेश मिळाला.

अपमान बोचला खरा, पण त्यांनीं उत्तर कामानें दिलें. दूध व डाळी यांतील प्रथिनांवर त्यांनीं संशोधन केलें, आणि पुढें संस्थेचें दार इतर मुलींसही उघडलें. १९३९ सालीं केंब्रिज येथें त्यांना पीएच. डी. मिळाली. श्वसनास आवश्यक असें 'सायटोक्रोम सी' हें द्रव्य वनस्पतींतही असतें, हें दाखविणारा तो प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता.

डाळभातावर पोसलेल्या आमच्या भंडारा जिल्ह्यांतील घरांनीं यांतून दोन गोष्टी घ्याव्या. नकार ऐकून विद्या सोडूं नये, ही मुलींनीं. आणि मुलाला जी अट घालीत नाहीं ती मुलीला घालूं नये, ही वडीलधाऱ्यांनीं. पहिली गोष्ट मुली केव्हांच शिकल्या आहेत. राहिली ती दुसरी.