तलाव भरला, पण बांध कसा आहे?

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मांजरा धरण कोरडे पडले होते. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता एवढा पाऊस झाला की तेच धरण काठोकाठ भरले. कोरड ते पूर, हे टोक ते टोक मराठवाड्याला नवे नाही. मोठ्या धरणांवर अभियंते असतात, दरवाजे असतात, पाण्याची नोंद रोज होते. गावाशेजारच्या साठवण तलावावर किंवा पाझर तलावावर यातले फारसे काही नसते. असतो तो मातीचा बांध, कडेला सांडवा आणि संध्याकाळी फिरायला येणारी माणसे.

कंधारचा जगत्तुंग तलाव राष्ट्रकूट काळातला मानला जातो, म्हणजे मातीने पाणी अडवण्याची विद्या या भागात हजार वर्षांची आहे. ती टिकते ती देखभालीवर. बांधाच्या पोटात चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण आणि पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग. गाभा पाणी अडवतो, मुरूम त्याला आधार देतो आणि उन्हापासून झाकतोही.

हे झाकणे फार महत्त्वाचे आहे. काळ्या मातीला उन्हाळ्यात काय होते, ते नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला सांगायला नको. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तलाव दोन-तीन वर्षे आटलेला राहिला आणि गुरांच्या वाटांनी किंवा पावसाच्या ओहळांनी मुरूम वाहून गेला असेल, तर गाभ्याची मातीही तशीच फाटते. पाणी हळूहळू चढले तर माती फुगून भेगा बऱ्याच अंशी मिटतात. एका रात्रीत तलाव भरला तर पाणी मातीला तेवढी सवड देत नाही. ते भेगेत शिरते आणि कण कण माती सोबत घेऊन पलीकडे निघते. वाट रुंदावते, वेग वाढतो, वेग वाढला की माती आणखी वाहते. अभियंते याला ‘पायपिंग’ म्हणतात. बांधावरच्या बाभळी तोडल्यावर आत कुजलेली मुळे, उंदीर-घुशींची बिळे, खेकड्यांची भोके हीही अशीच तयार वाट.

खेकड्यांवरून महाराष्ट्रात एकदा बराच विनोद झाला. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ठेवला. बिळे बांधाला घातक असतात, हे शास्त्र म्हणून खोटे नाही. पण गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. बिळे बुजवायची आणि गळती थांबवायची जबाबदारी खेकड्यांची नव्हती.

प्रत्येक ओल मात्र धोक्याची नसते. मातीच्या बांधातून थोडे पाणी पाझरतेच. ते पायथ्याच्या दगडी थरातून निथळून निघावे, अशी रचनाच असते. ते पाणी नितळ असेल आणि तलावाच्या पातळीप्रमाणे कमी-जास्त होत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. पाझर गढूळ झाला की बांधाची माती आतून वाहू लागली असे समजावे. अमेरिकेतले टेटन धरण पहिल्यांदाच भरत होते. ५ जून १९७६ रोजी सकाळी तिथे गढूळ पाणी दिसले आणि दुपारी बाराच्या आत ते सुमारे ९० मीटर उंचीचे धरण फुटले होते.

दुसरा धोका वरून पाणी जाण्याचा. मातीचा बांध वरून वाहणारे पाणी सोसत नाही, म्हणून सांडवा असतो. पण तलावाचे ‘सुशोभीकरण’ करताना पहिला घाव त्याच्यावरच पडतो. सांडव्याच्या वाटेत टपऱ्या आणि भिंती येतात. उन्हाळ्यात पाणी जास्त टिकावे म्हणून त्याच्या माथ्यावर वाळूची पोती रचली जातात आणि पावसाळ्यापूर्वी ती काढायचे राहते. बांधावर पेव्हर ब्लॉक बसवले की खालच्या भेगा दिसतही नाहीत. सावलीसाठी बांधावर झाडे लावणे हा तर चांगल्या हेतूने केलेला अपकार. गाळ काढण्याचेही तसेच. काम उत्तम आहे, पण जेसीबीने बांधाला खेटून खोदले तर पायाच उघडा पडतो.

तपासणी कोणी करायची? धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये झाला. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी त्याने बंधनकारक केली. पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि ठरावीक अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. गावतलाव बहुतेक त्याखाली राहतात. ते जिल्हा परिषद, मृद व जलसंधारण विभाग किंवा पालिका यांच्याकडे वाटले गेले आहेत, आणि आपला तलाव नेमका कोणाचा, हे गावात अनेकांना ठाऊक नसते. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड परिसराला भूकंपाचे धक्के बसले. अशा धक्क्यांनंतरही बांधाच्या माथ्यावरून एक चक्कर मारून लांबच लांब तडे पडलेत का, हे पाहावे लागते.

त्याला अभियंताच हवा असे नाही. माथा कुठे खचला आहे, पिचिंगचे दगड कुठे सरकले आहेत, कोरड्या बाजूच्या उतारावर एकाच ठिकाणी हिरवेगार गवत किंवा पाणकणीस का वाढले आहे, हे रोज फिरायला येणाऱ्याला कोणाही अधिकाऱ्याच्या आधी दिसते. दिसले की फोटो काढून, तारीख टाकून ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. पाझर गढूळ दिसला तर मात्र अर्ज लिहीत बसू नये. बांधाखालच्या वस्तीला लगेच सावध करावे आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ या क्रमांकावर फोन करावा.