आयता चहा

मराठी घरात 'आयता' हा शब्द फारसा चांगल्या अर्थाने कोणी वापरत नाही. आयत्या बिळावर नागोबा, आयत्या पिठावर रेघोट्या, आयतोबा... ज्याने कष्ट केले नाहीत आणि फळ मात्र घेतले, त्याच्यासाठी हा शब्द राखून ठेवलेला. पण एका जिनसापुरता तो एकदम गोड होतो. "आज मला आयता चहा मिळाला," असे एखादी गृहिणी म्हणते, तेव्हा तिच्या आवाजात सणासुदीचा आनंद असतो. सणासुदीचा अशासाठी की, असे वर्षातून मोजक्याच वेळा घडते. आजारपणात, नाहीतर माहेरी!

दुपारचे चार हे आपल्या घरांतले एक विलक्षण ठिकाण आहे. सकाळचा चहा घाईचा. तो डबे, पाणी, आंघोळी यांच्या गर्दीत कुठेतरी उभ्या उभ्या होतो. चारचा चहा मात्र दिवसाचे दोन भाग करतो. वामकुक्षी आटोपून घर जागे होते, पंख्याखालची माणसे उठून बसतात आणि कोणीतरी ओट्याशी जाऊन आधण ठेवते. हे 'कोणीतरी' म्हणजे कोण, हे सांगायला नको. घरातल्या सर्वांच्या झोपेपेक्षा तिची झोप पंधरा मिनिटांनी आखूड असते, आणि हा हिशेब पन्नास वर्षे कोणी मांडलेला नसतो.

म्हणूनच माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीच्या हॉटेलांत सुट्ट्यांची गर्दी ओसरल्यावर दिसणारी एक जोडी मनात घर करून राहते. सत्तरी ओलांडलेली आई आणि चाळिशी-पन्नाशीतली मुलगी. बरोबर ना जावई, ना नातवंडे. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्यांवर दोघी बसलेल्या, आणि समोर चारचा चहा.

डचेसची भूक आणि पुण्याचा कप

दुपारच्या चहाचा हा थाट मुळात साहेबाचा. त्याची सुरुवात सांगितली जाते ती १८४० च्या सुमाराची. बेडफर्डची डचेस ॲना हिला दुपारचे हलके जेवण आणि रात्री उशिराचे मोठे जेवण यांच्यामधल्या काळात गळून गेल्यासारखे वाटे. ती आपल्या खोलीत चहा, पाव-लोणी आणि केक मागवू लागली, मग मैत्रिणींना बोलावू लागली, आणि पाहता पाहता ती रीत झाली. त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षे चहा इंग्लंडच्या राजदरबारात पोचला होता. तो तिथे रुजवण्याचे श्रेय दिले जाते पोर्तुगालच्या राजकन्येला, कॅथरीनला. १६६२ मध्ये तिचे दुसऱ्या चार्ल्सशी लग्न झाले. हीच ती कॅथरीन, जिच्या आंदणात आपली मुंबई इंग्रजांना मिळाली. म्हणजे चहाची सवय आणि मुंबई बेट, दोन्ही एकाच नवरीच्या पाठोपाठ सासरी गेली!

आपल्याकडे मात्र चहाने बराच काळ धर्मसंकटच उभे केले. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, नामदार गोखले होते. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी ही गोष्ट चव्हाट्यावर आणली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांना १८९२ मध्ये प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका कपाने इतकी वादळे उठवली. आज त्याच पुण्यात अमृततुल्यांची मोजदाद करणे अवघड आहे.

हा बदल आपोआप झाला नाही. १९०३ साली चहाच्या निर्यातीवर उपकर बसवण्यात आला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. स्टेशनांवर, गिरण्यांत, पुढे घरोघर जाऊनही चहा कसा करावा याची प्रात्यक्षिके दाखवली गेली. साहेबाची शिकवण अशी, की पाणी उकळून पानांवर ओता, झाका, थांबा, दूध शेवटी. आपण ऐकून घेतले आणि सगळे एकाच पातेल्यात घालून उकळले. आले ठेचले, वेलची टाकली, गवती चहाची दोन पाती सोडली. साहेबाचा चहा गेला आणि आईचा चहा झाला.

घराबाहेरचा चहा मात्र दीर्घकाळ पुरुषांचाच राहिला. इराण्याच्या हॉटेलात 'फॅमिली रूम' नावाचे लाकडी आडोसे असत ते उगाच नाही. बाईमाणसाने हॉटेलात बसायचे तर पडद्याआड, आणि तेही घरच्या कुणा पुरुषाबरोबर. आज जी आई सत्तर-पंचाहत्तरची आहे, तिचे तरुणपण याच काळातले. हॉटेलात पाय ठेवताना तिचा पदर नकळत खांद्यावरून पुढे येतो, त्याला असा इतिहास आहे.

"हा काय चहा?"

थंड हवेच्या ठिकाणांची कथाही साहेबापासूनच सुरू होते. १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरची वसाहत उभी करायला घेतली, म्हणून तिचे नाव माल्कम पेठ. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेस पडले. पीरभॉय घराण्याने आपल्या पैशाने नेरळपासून डोंगर चढणारी छोटी रेल्वे बांधली, ती १९०७ मध्ये धावू लागली. माथेरानला मोटारींना आजही मज्जाव आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि पुढे चालत, घोड्यावर, नाहीतर अमन लॉजहून छोट्या गाडीने गावात शिरायचे. म्हाताऱ्या माणसाला हे जड जाते खरे, पण एकदा पोचले की हॉर्न नाही आणि घाईही नाही.

इथल्या अनेक हॉटेलांत जुनी पद्धत टिकून आहे. राहण्याच्या पैशातच सकाळचा नाश्ता, दोन जेवणे आणि दुपारचा चहा धरलेला असतो. आईच्या दृष्टीने ही बाब अत्यंत महत्त्वाची! कारण हॉटेलात आल्यापासून तिच्या डोक्यात एक आकडेमोड चाललेली असते. "एका चहाचे एवढे? तेवढ्यात घरी आठवड्याचं दूध येतं," हे वाक्य ओठांवर तयारच असते. चहा 'त्यातच आहे' असे मुलीने सांगितले की ती सैलावते. मग मात्र "भजी पण त्यातच का?" असे विचारून ती दुसरी बशी मागवते.

ट्रे येतो. किटली निराळी, दूध निराळे, साखरेचे चौकोन निराळे. आई तो सरंजाम संशयाने न्याहाळते.

"अगं, हा काय चहा? उकळलाय कुठे?"

"आई, असाच असतो इथे. तू बस. मी करते."

"दूध गार झालंय बघ. सांग त्याला जरा गरम करून आणायला. नाहीतर राहू दे, बिचाऱ्याला कशाला जिने चढायला लावायचे."

मुलगी चहा ओतते. आईचा हात सवयीने पुढे येतो, कप सरळ करतो, सांडलेला थेंब पदराने टिपतो. थोड्या वेळाने तो हात मांडीवर स्थिरावतो. समोर दरीतून धुके वर येत असते. माथेरान असेल तर कठड्यावर एखादे माकड बिस्किटांवर नजर ठेवून बसलेले असते आणि "हाड् हाड्" करता करता दोघींना हसू आवरत नाही. बराच वेळ कोणी काही बोलत नाही. मग आई अचानक म्हणते, "तुझ्या आजीला असं कुठे नेता आलं नाही गं मला." आणि जी गोष्ट तीस वर्षांत स्वयंपाकघरात कधी निघाली नाही, ती त्या कोमट चहावर निघते.

ना सासर, ना माहेर

अशी बोलणी घरी का होत नाहीत? याचे उत्तर आपल्या घरांच्या रचनेत आहे. मुलगी माहेरी आली की ती पाहुणी आणि आई राबणारी. लेक चार दिवसांसाठी आली म्हणून आई तिच्या आवडीचे करत ओट्याशी उभी. गप्पा व्हायच्या त्या फोडणीच्या आवाजात, पाठमोऱ्या. उलट आई लेकीकडे गेली तर अवघडते. लेकीच्या घरी फार दिवस राहू नये, तिचे काही घेऊ नये, हे संस्कार अनेक घरांत खोल रुजलेले. जावयाची ये-जा, विहिणीचा मान. मग ऋण फेडल्यासारखी ती तिथेही भाज्या निवडत बसते, नातवंडांचे डबे भरते. दोन घरे, पण दोन्हीकडे दोघींतली एक कामात.

हॉटेलचा व्हरांडा हे तिसरे ठिकाण. तिथे दोघीही पाहुण्या. ओटा नाही, त्यामुळे पाठ फिरवायची सोय नाही. समोरासमोर बसावेच लागते.

आणखी एक गोष्ट. लेकीला माहेर असते, कारण तिथे आई असते. पण आईला माहेर कुठले? तिची आई जाऊन पंचवीस-तीस वर्षे झालेली. भाऊ-भावजय प्रेमळ असले तरी त्यांच्या घरी आता सुनांचे राज्य. 'ये, बस, काही करू नकोस' असे हक्काने सांगणारे माणूस तिला राहिलेले नसते. त्या व्हरांड्यात लेक ते वाक्य बोलते, तेव्हा सहलीच्या निमित्ताने आईला दोन दिवसांचे माहेर मिळते.

इंग्रजांत एक गमतीची रीत आहे. चहाच्या टेबलाभोवती माणसे जमली आणि किटली हातात घ्यायची वेळ आली की एकजण विचारतो, "मी आई होऊ का?" म्हणजे चहा मी ओतू का? चहा ओतणारी ती आई, हे तिथेही गृहीतच! पण प्रश्नात एक मोकळीकही आहे. ती जागा विचारून घेता येते. आज मी होते, तू बस, असे म्हणता येते. आपल्याकडे हा प्रश्न विचारायची पद्धत नाही. आई ती आई, आणि किटली तिचीच.

ही तक्रार भावनेपोटी आहे असे कोणी म्हणेल. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळेच्या वापराच्या पाहणीत याचा ताळेबंदच मिळाला. घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात. घरकाम करणारे पुरुष मुळात कमी, आणि जे करतात त्यांचीही मिनिटे ९७. पाच तास आणि दीड तास. चारचा चहा कोण करते, हे या दोन आकड्यांवरून ओळखता येते.

ऐपत आणि सवड

डोंगरावरचे हॉटेल सर्वांना परवडत नाही, हे खरेच. पण खर्चाइतकीच मोठी अडचण सवडीची आणि संकोचाची असते. 'फक्त आईला घेऊन जाते' हे वाक्य घरात उच्चारायला बळ लागते. मुले मोठी होऊ देत, परीक्षा होऊ दे, त्यांची निवृत्ती होऊ दे, असे करता करता आईचे गुडघे चढण नाकारू लागतात. प्रवासाचे म्हणाल तर एसटीने २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला. एवढ्या एका सवलतीने कितीतरी आज्या पुन्हा गावोगाव दिसू लागल्या. आणि महाबळेश्वरच कशाला, गावाबाहेरच्या देवळाशेजारचे साधे उपाहारगृहही चालते. अट एकच, त्या दिवशी ओट्याशी दोघींपैकी कोणीही उभे राहायचे नाही.

हेही लक्षात असावे, की जगात पूर्ण आयते असे काही नसते. व्हरांड्यात ट्रे आणणारा पोरगा कुठल्यातरी आईपासून दूर, हॉटेलच्या मागच्या खोलीत राहतो. किटलीतली पाने आसामच्या किंवा निलगिरीच्या मळ्यात खुडली जातात ती बहुतांशी बायकांच्याच हातांनी, आणि तिथे आईच्या शेजारच्या ओळीत पुष्कळदा लेकही असते. म्हणून जास्तीचे दूध मागवताना "बिचाऱ्याला कशाला जिने चढायला लावायचे" म्हणणारी आई भाबडी नसते. कोणाचा तरी चहा आयता व्हायचा तर कोणाला तरी उठावे लागते, हे तिला पन्नास वर्षांच्या अनुभवाने पक्के ठाऊक असते.

ज्यांची आई आहे, त्यांनी या पावसाळ्यानंतरचे दोन दिवस दिनदर्शिकेवर आजच खूण करून ठेवावेत. मुलग्यांनीही. ज्यांना जाणे जमणार नाही, त्यांनी निदान आज रविवारी चारला तिच्या आधी उठावे. आले थोडे जास्त पडेल, साखर चुकेल. ती म्हणेल, "मला उठवायचं नाही का?" म्हणू द्यावे. कप तिच्या हातात द्यावा आणि आपला घेऊन तिच्यासमोर बसावे.