देवनारची खुर्ची कुठाय?

‘कुठे राहतेस गं?’
‘देवनार.’
‘म्हणजे ते डम्पिंगवालं?’

नवा जॉब, नवं ऑफिस, पण हा डायलॉग ठरलेला. टाटा इन्स्टिट्यूटचा हिरवागार कॅम्पस, जुनं गावठाण, म्युनिसिपल कॉलनी, बकरी ईदच्या आधी भरणारा तो अफाट बाजार, हे सगळं सांगायला तोंड उघडावं तोवर लिफ्ट आलेली असते. आणि समोरचा तसा खोटंही बोलत नसतो. डम्पिंग ग्राउंड इथे 1927 पासून आहे. जानेवारी 2016 मध्ये ते पेटलं तेव्हा धूर अख्ख्या मुंबईने पाहिला. आम्ही तो खाल्ला.

सध्या मात्र याच कचऱ्याखालच्या जमिनीला भलतंच ग्लॅमर आलंय. 2024 मध्ये राज्य सरकारने त्यातले 124 एकर धारावी पुनर्विकासासाठी द्यायचं ठरवलं. 2025 मध्ये महापालिकेने तिथला 185 लाख टन जुना कचरा उपसायला सुमारे 2,368 कोटींचं टेंडर काढलं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच फ्लॅटचे रेट किती चढतील याची चर्चा सुरू! आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी बैंगनवाडीत राहतात, डम्पिंगला अगदी खेटून. त्यांना मी बातमी वाचून दाखवली. रेटबिट राहू दे, त्यांनी एकच विचारलं, ‘ताई, हे ठरवताना आमच्यातलं कोण बसलं होतं?’

प्रश्न साधा, पण माझ्या डोक्यातून जाईना. कारण आमच्या एम-पूर्व वॉर्डचा इतिहासच मुळी दुसऱ्यांनी कुठेतरी बसून ठरवलेल्या गोष्टींचा आहे. शिवाजी नगर आणि बैंगनवाडी महापालिकेने 1970 च्या दशकात आखली, शहराच्या इतर भागांतून उठवलेल्यांसाठी. चिता कॅम्प 1976 चा; तिथली माणसं अणुशक्ती केंद्राजवळच्या जनता कॉलनीतून हलवलेली. मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत घरं गेलेल्यांचं. शहराला जागा हवी झाली की तिथल्या माणसांना कुठे पाठवायचं, याचं उत्तर वर्षानुवर्षं आमच्याच पिनकोडवर येऊन थांबतं. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात हा वॉर्ड सगळ्यात तळाला होता, यात नवल ते काय!

मग ठरवतं कोण? मी कायदा उघडला. (हो, शनिवारी. सिनेमाचं तिकीट मिळालं नव्हतं.) महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966. शहराचा विकास आराखडा जाहीर झाला की लोकांनी सूचना-हरकती द्यायच्या, आणि त्या ऐकायला कलम 28 खाली नियोजन समिती बसते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. बस्स. कुठल्या वॉर्डातलं कोण, झोपडपट्टीतलं कोण, भाडेकरू किती, बायका किती, याबद्दल कलमात अवाक्षर नाही. स्थायी समिती भरते पक्षबळावर. म्हणजे देवनारचा माणूस तिथे आलाच तर नशिबाने.

मुंबईचा 2034 पर्यंतचा आराखडा आठवतोय? 2015 चा पहिला मसुदा इतका चुकांनी भरलेला होता की मुख्यमंत्र्यांनी तो परत पाठवला. मे 2016 मध्ये सुधारित मसुदा आला आणि त्यावर सुमारे 84 हजार सूचना-हरकती पडल्या. मुंबईकरांना काही पडलेली नसते, हा फंडा इथेच बाद! ‘हमारा शहर मुंबई अभियाना’सारखे गट वस्त्यावस्त्यांत नकाशे घेऊन फिरले, लोकांना ते वाचायला शिकवलं. बोलणारे हजारो होते. ऐकणारी मात्र एक छोटीशी समिती.

आणि कोण ऐकतं याने निकाल बदलतो, हे पुण्याने दाखवून दिलंय. तिथे जुन्या हद्दीच्या 2013 च्या आराखड्यावर सुमारे 87 हजार हरकती आल्या. समितीत तीन नगरसेवक आणि सरकारने नेमलेले चार तज्ज्ञ. हरकती त्याच, सुनावणी तीच, पण दोन गटांचे निष्कर्ष वेगळे निघाले. शेवटी 2015 मध्ये सरकारने आराखडाच महापालिकेच्या हातातून काढून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला. म्हणजे पुणेकरांच्या खुर्चीचा प्रश्न सुटला नाहीच, उलट खुर्च्या आणखी लांब गेल्या.

आमच्याकडे तर त्याहून भारी. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाचा. देवनारचे 124 एकर ठरले ते नेमके याच काळात. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर: कुणीच नाही.

आता नगरसेवक आहेत. पण माझ्या मते तेवढ्याने भागत नाही. नगरसेवक पक्षाचा व्हिप पाळणार, तज्ज्ञ नकाशा पाहणार. दुपारी डम्पिंगवरून वारा कुठल्या गल्लीत येतो आणि पाण्याचा टँकर कुठे अडतो, हे रोज तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. पुढच्या वेळी समितीत बाधित भागातले किमान दोन रहिवासी हवेत, आणि तेही नुसते ‘निमंत्रित’ नकोत, मतासह हवेत.

‘पण कोण? वस्तीतला दादा जाऊन बसेल!’ ही शंका माझ्या कलीगची, आणि ती रास्त आहे. देवनार म्हणजे काही एक माणूस नव्हे. गावठाणातल्या ईस्ट इंडियन कुटुंबाला हद्दीची काळजी, कचरा वेचणारीला डम्पिंग बंद झाल्यावर पोटाची, माझ्यासारखीला ईएमआयची. आयर्लंडने 2016 मध्ये यावर मस्त तोडगा काढला होता. नागरिक सभेसाठी 99 सामान्य माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली. वय, लिंग, प्रदेश यांचं प्रमाण सांभाळून. त्यांनी गर्भपातासारख्या नाजूक विषयावर शिफारशी केल्या आणि 2018 मध्ये त्यावर सार्वमतही झालं. वॉर्डाच्या मतदारयादीतून अशा चिठ्ठ्या काढायला काय हरकत आहे?

कायद्यात थोडी फट आधीपासून आहेच. मुंबईच्या प्रभाग समितीवर नगरसेवकांबरोबर स्थानिक स्वयंसेवी आणि वस्ती संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. 2009 च्या दुरुस्तीत तर काही मतदान केंद्रांच्या परिसराची मिळून क्षेत्रसभाही आहे. ती मात्र मुंबईत कागदावरच राहिली. त्या तीन जागांवर कोण बसलंय, हे वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारायला माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज पुरतो.

एक मुद्दा मात्र मावशींनीच काढला. मी त्यांना म्हटलं, चिठ्ठीत तुमचं नाव निघालं तर जाल? त्या म्हणाल्या, जाईन की, पण दिवस कुठला? मी हाफ-डे टाकला तर माझा पगार कापत नाही. त्या एक दिवस सुनावणीला गेल्या तर चार घरांची कामं बुडतात. त्यामुळे माझ्या मागणीत आता आणखी एक ओळ आहे: खुर्चीबरोबर त्या दिवसाची मजुरी.