उन्हाच्या देशात मुडदूस

1922 साली इंग्लंडमधल्या एका वैद्यकीय त्रैमासिकात थेट नाशिकहून आलेला एक अभ्यास छापला गेला. हचिसन आणि शाह हे त्याचे लेखक, आणि विषय होता लहान मुलांचा मुडदूस. नाशिक परिसरात त्यांना एक उलटं चित्र दिसलं होतं. खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांत मुलांचे पाय वाकलेले होते, तर पोटभर जेवणाची भ्रांत असलेल्या कष्टकऱ्यांची पोरं सरळ पायांनी हुंदडत होती. मुडदूस हा गरिबीचा, आबाळीचा रोग, या समजाला हे छेद देणारं होतं.

उत्तर घरांच्या रचनेत आणि रीतिरिवाजांत सापडलं. सुखवस्तू घरांतल्या पडदा पाळणाऱ्या बायका उंबरा ओलांडत नसत आणि त्यांची तान्ही बाळं सुरुवातीचे महिने अंधाऱ्या खोल्यांत काढत. मजुरी करणारी आई मात्र मूल कडेवर घेऊन शेतावर जाई आणि त्याला बांधावर निजवी. भाकरी कमी असली, तरी ऊन भरपूर. मुडदूस झालेल्या काही मुलांचा आहार तोच ठेवून त्यांना केवळ उन्हात आणलं, तर तीही सुधारू लागली.

त्या काळात युरोपातले डॉक्टर याच कोड्याशी झुंजत होते. धुराने काळवंडलेल्या कारखानी शहरांत मुडदूस घरोघरी होता. थिओबाल्ड पाम या डॉक्टरने जपानमध्ये वैद्यकी करून मायदेशी परतल्यावर 1890 मध्येच लिहिलं होतं, की हा रोग जिथे ऊन पोहोचत नाही तिथला आहे. त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1919 मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्यातून निघणाऱ्या अतिनील किरणांसमोर बसवलं. हाडं भरू लागली. मग त्यांनी एक साधी पण चतुर गोष्ट करून पाहिली. किरण एकाच हातावर सोडले, तर दुसऱ्या हाताची हाडंही बरी झाली. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होत होतं आणि रक्तावाटे सगळ्या अंगभर फिरत होतं.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलॅन्बी यांनी कुत्र्याच्या पिल्लांना घरात कोंडून ओटच्या लापशीवर ठेवलं, त्यांना मुडदूस झाला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो बरा झाला. मग खरं औषध कोणतं, ऊन की तेल? पहिल्या महायुद्धाने उपासमार ओढवलेल्या व्हिएन्नात हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालरुग्णालयात ते तपासलं आणि दोन्ही लागू पडतात असं दाखवून दिलं. अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी 1922 मध्ये माशाच्या तेलातला 'अ' जीवनसत्त्वाचा अंश उष्णतेने नष्ट केला, तरी त्या तेलाने मुडदूस बरा होतच राहिला. उरलेल्या घटकाचं नाव ठेवलं गेलं 'ड' जीवनसत्त्व.

वाढत्या मुलाचं हाड टोकांकडे वाढतं. तिथे कूर्चेचा एक पातळ थर असतो. त्यातल्या पेशी रांगेने वाढतात, त्यांच्याभोवती कॅल्शियम आणि फॉस्फरस बसतं आणि त्या जागी हाड तयार होतं. 'ड' जीवनसत्त्वाअभावी किंवा इतर कारणाने ही खनिजं कमी पडली, तर कूर्चा वाढतच राहते पण कडक होत नाही. मनगटाचा एक्स-रे काढला, तर हाडाची एरवी रेखीव दिसणारी कड कपासारखी खोलगट आणि विरलेल्या कापडासारखी दशा निघालेली दिसते. बाहेरून पाहताना मनगट रुंद वाटतं. मूल उशिरा चालायला लागतं आणि चालू लागलं, की शरीराच्या भाराने पाय धनुष्यासारखे वाकतात. टाळू उशिरा भरते, दात उशिरा येतात.

पाश्चात्त्य देशांत दुधात 'ड' जीवनसत्त्व मिसळायला सुरुवात झाली आणि मुडदूस हटला. भारतात मात्र वर्षातले आठ-नऊ महिने लख्ख ऊन असतं, त्यामुळे इथे हा प्रश्नच नाही असं बराच काळ गृहीत धरलं गेलं. 2016 ते 2018 दरम्यान झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने तो भ्रम दूर केला. एक ते चार वर्षांच्या 14 टक्के मुलांत, पाच ते नऊ वर्षांच्या 18 टक्के मुलांत आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या 24 टक्के मुलामुलींत 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. वय वाढतं तसा आकडाही वाढतो, आणि शाळा, शिकवण्या, मोबाइल यांच्यामागे मैदान सुटण्याचं वयही तेच.

ऊन नुसतं आकाशात असून भागत नाही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीच्या वर्दळीच्या, धुरकट मोरी गेट भागातली लहान मुलं आणि त्या वेळी तुलनेने स्वच्छ हवेच्या गुडगावातली मुलं यांची तुलना झाली. मोरी गेटच्या मुलांच्या रक्तात 'ड' जीवनसत्त्वाचं सरासरी प्रमाण दर मिलिलिटरला 12.4 नॅनोग्रॅम होतं, गुडगावच्या मुलांत 27.1. त्वचेत हे जीवनसत्त्व घडवणारे अतिनील किरण धुळीने अडतात, खिडकीच्या काचेनेही अडतात. सावळ्या त्वचेला तेवढंच जीवनसत्त्व बनवायला जास्त वेळ ऊन लागतं.

आपल्याकडे बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरण्याची पद्धत आहे. पद्धत मायेची आहे, पण या कामाला कोवळं ऊन फारसं उपयोगी नाही. सूर्य खाली असताना हे किरण वातावरणातच शोषले जातात. सोपी खूण अशी, की आपली सावली आपल्यापेक्षा लांब पडत असेल, तर त्या उन्हात 'ड' जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही. तान्ह्या बाळाला दुपारच्या रणरणत्या उन्हात ठेवणं अर्थातच चूक, आणि आईच्या दुधातही हे जीवनसत्त्व फार थोडं असतं. म्हणूनच बालरोगतज्ज्ञ जन्मापासून वर्षभर रोज 400 युनिटचे थेंब द्यायला सांगतात.

ऊन मिळूनही मुडदूस होऊ शकतो, हे नायजेरियाने दाखवलं. तिथे उन्हाला तोटा नाही, तरी मुलांचे पाय वाकत होते. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मुडदूस असलेल्या 123 मुलांचे गट करून कुणाला कॅल्शियम, कुणाला 'ड' जीवनसत्त्व, तर कुणाला दोन्ही दिलं. नुसतं जीवनसत्त्व मिळालेल्यांपैकी 19 टक्के मुलं ठरवलेल्या कसोटीइतकी सुधारली. कॅल्शियम मिळालेल्यांत हे प्रमाण 61 टक्के होतं. त्या मुलांच्या रोजच्या जेवणात कॅल्शियम होतं जेमतेम 200 मिलिग्रॅम.

आपल्याकडच्या गरीब घरांतलं ताट याहून फार वेगळं नाही. पुण्यात संशोधकांनी यावर घरगुती तोडगा करून पाहिला, लाडूचा. गरीब वस्तीतल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या एका गटाला कॅल्शियम वाढवलेला लाडू दिला, दुसऱ्या गटाला साधा लाडू. 'ड' जीवनसत्त्व दोन्ही गटांना मिळालं. जास्त कॅल्शियम पोटात गेलेल्या मुलांच्या हाडांत खनिज अधिक साठलं. या वयाचं मूल गोळीकडे पाहून तोंड फिरवतं, पण लाडू मागून घेतं, हेही या प्रयोगामागचं शहाणपण.

लाडवासाठी लागणारं सामान आपल्या डब्यांत असतंच. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तिळात हजार मिलिग्रॅमहून अधिक. मोड आणून केलेलं नाचणीचं सत्त्व अधिक चांगलं, कारण धान्यातली कॅल्शियम अडवून धरणारी द्रव्यं मोड आल्यावर कमी होतात.

काही मुलं मात्र ऊन, थेंब, लाडू कशानेच बरी होत नाहीत. अमेरिकेतल्या फुलर ऑलब्राइट यांनी 1937 साली असा हट्टी मुडदूस नोंदवला होता. त्याचं मूळ कळायला पुढे साठेक वर्षं गेली. यातल्या बऱ्याच मुलांत एका जनुकातल्या दोषामुळे हाडं स्वतःच एक हार्मोन गरजेपेक्षा जास्त बनवतात, आणि त्याच्या हुकमाने मूत्रपिंडं फॉस्फरस लघवीवाटे फेकून देतात. या हार्मोनला बांधून ठेवणारं ब्युरोसुमॅब हे इंजेक्शन 2018 साली युरोप-अमेरिकेत मान्य झालं. त्याचा खर्च बहुतेक भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्यामुळे फॉस्फेटची औषधं दिवसातून अनेकदा आणि 'ड' जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप देण्याचा जुना उपचार आजही चालू आहे.

वाकडे पाय दिसले, की दुकानातून 'ड' जीवनसत्त्वाची पुडी आणून देणं म्हणूनच धोक्याचं. या जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. शिवाय दोन वर्षांपर्यंत पाय थोडे बाहेर वाकलेले असणं आणि तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे एकमेकांना टेकणं हे बहुतेक मुलांत नैसर्गिक असतं. पण दोन वर्षांनंतरही पाय बाहेर वाकलेले असतील, एकच पाय वाकडा असेल, मनगटं रुंद दिसत असतील किंवा दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, तर डॉक्टरांकडे जावं. मनगटाचा किंवा गुडघ्याचा एक एक्स-रे आणि रक्तातल्या कॅल्शियम, फॉस्फरस व अल्कलाइन फॉस्फेटेजची तपासणी एवढ्यावर निदानाची सुरुवात होते. साधा मुडदूस असेल, तर उपचार सुरू केल्यावर काही आठवड्यांतच एक्स-रेमध्ये हाडाच्या टोकाशी खनिजाची पांढरी रेघ उमटलेली दिसते.