न्यूयॉर्क शहर मॅराथॉन

न्यूयॉर्क शहर मॅराथॉन : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यूयॉर्क शहरात दर वर्षी होणारी दीर्घ पल्ल्याची धावण्याची शर्यत. ती सामान्यतः नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घेतली जाते. तिचे अंतर ४२·१९५ किमी. असते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये योजलेले हे अंतर १९२१ मध्ये सर्व मॅराथॉन शर्यतींसाठी निश्चित करण्यात आले.

पहिली शर्यत १३ सप्टेंबर १९७० रोजी झाली. त्या वेळी स्पर्धक सेंट्रल पार्क या उद्यानातच फेऱ्या मारीत धावले. प्रवेशमूल्य एक डॉलर होते. १२७ जणांनी भाग घेतला. पैकी ५५ जणच अखेरपर्यंत पोहोचले. तयार कपड्यांच्या व्यवसायातील, मूळचे रूमानियाचे फ्रेड लेबो हे या शर्यतीचे एक प्रवर्तक होत. १९७६ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त, शर्यत उद्यानाबाहेर काढून शहराच्या पाचही विभागांतून नेण्यात आली आणि तिला आजचे स्वरूप प्राप्त झाले.

प्रारंभ स्टेटन आयलंडवर, व्हेराझानो-नॅरोज या प्रचंड झुलत्या पुलाच्या तोंडाशी होतो. तेथून ब्रुकलिन व क्वीन्स ओलांडून स्पर्धक क्वीन्सबरो पुलावर येतात. या पुलावर प्रेक्षक नसल्याने केवळ पावलांचाच आवाज ऐकू येतो आणि पूल उतरताच मॅनहॅटनमधील अफाट गर्दीचा जयघोष कानी पडतो. पुढे ब्राँक्सला वळसा घालून सेंट्रल पार्कमध्ये शर्यत संपते. ब्राँक्स लागते ते सु. ३२ किमी. वर. स्नायू व यकृत यांत साठविलेले ग्लायकोजेन बहुधा याच सुमारास संपत येते, पाय जड होतात आणि अनुभवी धावपटूंनाही गती राखणे कठीण जाते. धावता धावता थोडेथोडे पाणी व साखर घेतात ते यासाठीच. वाढत्या वयातील शरीरावर असा ताण पडू नये हे उचितच असून, या शर्यतीत १८ वर्षांखालील व्यक्तीस प्रवेश नाही.

स्त्रियांना येथे समान स्थान झगडूनच मिळाले. १९७२ मध्ये त्यांनी पुरुषांच्या दहा मिनिटे आधी, वेगळे धावावे असा तत्कालीन क्रीडासंघटनेचा नियम होता. इशारा होताच सहा स्त्रिया प्रारंभरेषेवर खाली बसल्या आणि दहा मिनिटांनी पुरुषांबरोबर उठून धावू लागल्या. त्यांच्या वेळेत दहा मिनिटे वाढविण्यात आली, तरी नियमातील विसंगती सर्वांच्या ध्यानात आली. पुढे नॉर्वेच्या ग्रेटे वाइट्झ हिने १९७८–८८ या काळात ही शर्यत नऊ वेळा जिंकली. १९९२ मध्ये मेंदूच्या कर्करोगाने ग्रस्त असलेल्या लेबोंसमवेत ती साडेपाच तासांहून अधिक वेळ धावली.

लंडनची मॅराथॉन (१९८१) याच शर्यतीच्या प्रेरणेने सुरू झाली. मुंबईतही २००४ पासून मोठी मॅराथॉन होऊ लागली.

एवढ्या मोठ्या शर्यतीसाठी शहराला आपले रस्ते, पोलीस व पाणी काही तास तिच्या स्वाधीन करावे लागते. २०१२ मध्ये सँडी चक्रीवादळाने स्टेटन आयलंडवर प्राणहानी केली असतानाही शर्यत घेण्याचे ठरले होते. लोकक्षोभामुळे दोनच दिवस आधी ती रद्द झाली. त्या रविवारी अनेक धावपटू पाठीवर मदतसाहित्य घेऊन आपद्‌ग्रस्तांच्या वस्त्यांत गेले. करोना महासाथीमुळे २०२० मध्येही शर्यत झाली नाही.