पू नाही, म्हणून संसर्ग नाही?

केमोथेरपीनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी तळ गाठतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशी जंतूंशी पहिली झुंज देतात. त्यांची संख्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये 500 च्या खाली गेली, की आतड्यातले नेहमीचे जंतूही रक्तात उतरून जिवावर उठू शकतात.

फसगत इथेच होते. पू बनतो तो मुख्यतः याच पेशींचा. त्या नसल्या की जखम चिघळलेली दिसत नाही, न्यूमोनिया असूनही छातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. उरते एकच खूण, ताप. तोंडात एकदा 101 अंश फॅरनहाइट, किंवा तासभर टिकलेला 100.4 अंश, रुग्णालय गाठायला एवढा ताप पुरेसा आहे. स्टिरॉइड घेणाऱ्यांत आणि वयस्करांत कधी कधी तोही येत नाही. नुसती हुडहुडी, धाप किंवा बरळणे दिसले तरी रुग्णालयाकडे निघावे. घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहणे, ही चूक फार महागात पडते. गुदद्वारातून ताप मोजू नये.

रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे. त्याआधी कल्चरसाठी रक्त घ्यावे, पण अहवालासाठी थांबू नये. सुरुवातीला पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपिमसारखे, स्यूडोमोनास जंतूलाही आवरणारे औषध देतात. आपल्याकडे औषधांना न जुमानणारे क्लेबसिएला जंतू बरेच आढळतात, त्यामुळे त्या रुग्णालयातल्या जंतूंचा अनुभव निवडीत मोलाचा ठरतो. चार ते सात दिवसांतही ताप हटला नाही, तर बुरशीचा शोध घेतात.

केसपेपरच्या नोंदणीच्या रांगेत उभे असाल तर आधी मोठ्याने सांगा: ‘केमो चालू आहे, ताप आलाय.’