बाळ रडलं नाही, म्हणून?

वर्षाचं मूल अजून बसत नाही, उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. डॉक्टर सेरेब्रल पाल्सीचं नाव घेतात आणि घरात बाळंतपणाची उलटतपासणी सुरू होते. बाळ लगेच रडलं होतं का? नाळेचा वेढा होता का? ग्रहणात सून बाहेर गेली होती, हेही कुणाला तरी आठवतं. ग्रहणाचा भाग सोडला, तर हाच संशय वैद्यकशास्त्राने शंभरहून अधिक वर्षं बाळगला. तो कसा बसला आणि कसा ढिला झाला, याचा हा मागोवा.

लंडनचे अस्थिशल्यविशारद विल्यम जॉन लिटल यांचा स्वतःचा पाय लहानपणीच्या पोलिओने वाकडा झाला होता. 1836 मध्ये जर्मनीत शल्यविशारद स्ट्रोमेयर यांनी त्यांचा स्नायुबंध कापून पाय सरळ केला. वाकड्या हातापायांचा अभ्यास हेच मग त्यांचं आयुष्य झालं. 1861 मध्ये लंडनच्या प्रसूतिशास्त्र संस्थेपुढे त्यांनी निबंध वाचला: अडलेलं बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मताना गुदमरणं यांमुळे मुलांत पुढे ताठरपणा येतो. या विकाराला ‘लिटलचा आजार’ असंच नाव पडलं.

आक्षेप आला तो व्हिएन्नाहून. मनोविश्लेषणाकडे वळण्यापूर्वी सिग्मंड फ्रॉइड मज्जासंस्थेचे डॉक्टर होते. 1897 मध्ये या विकारावर त्यांचा मोठा ग्रंथ आला. अडलेली कितीतरी बाळं पुढे धडधाकट निघतात, हे त्यांनी पाहिलं होतं. मग कदाचित उलटंच असेल, असं त्यांनी सुचवलं: पोटात असतानाच बाळाच्या वाढीत बिघाड झालेला असेल आणि अडलेलं बाळंतपण हे त्याचंच एक लक्षण असेल. पुढची कित्येक दशकं या तर्काकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

तर्काला पुरावा मिळाला तो अमेरिकेत. तिथे 1959 ते 1966 या काळातल्या 50 हजारांहून अधिक गर्भारपणांची नोंद ठेवून त्या मुलांच्या वाढीवर लक्ष ठेवलं गेलं. कॅरिन नेल्सन आणि जोनस एलेनबर्ग यांनी ही माहिती तपासली, तेव्हा पुढे सेरेब्रल पाल्सी झालेल्या निम्म्याहून अधिक मुलांचा जन्मानंतर पहिल्याच मिनिटाचा अपगार गुणांक (बाळाच्या तब्येतीचे दहापैकी गुण) चांगला, म्हणजे सात किंवा त्याहून जास्त होता. 1986 च्या त्यांच्या निबंधाने स्पष्ट केलं, की जन्मवेळी गुदमरणं हे मोजक्याच मुलांमागचं कारण असतं. दरम्यान श्रीमंत देशांत प्रसूतिगृहांत बाळाच्या ठोक्यांवर यंत्रांची नजर बसली, सिझेरियन वाढली. सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण मात्र बराच काळ हजारी दोनच्या आसपासच राहिलं.

कारणांची यादी मग लांबत गेली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीच्या पांढऱ्या भागाला होणारी इजा, गर्भाशयातला संसर्ग, पोटातच आलेला पक्षाघाताचा झटका, मेंदूच्या घडणीतले दोष आणि अलीकडे जनुकांतले बदल. बऱ्याचदा एक कारण पुरत नाही. दोन-तीन गोष्टी एकावर एक येतात.

काही कारणं हटवताही आली. रक्तगट न जुळल्याने होणारी तीव्र कावीळ मेंदूत उतरली, की हातापायांना वेडीवाकडी ओढ लागते. इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या रुग्णालयात एक परिचारिका बाळांना उन्हात नेत असे. त्यांतल्या एकाची कातडी चादरीखाली झाकलेल्या जागीच पिवळी राहिलेली दिसली. त्यातून 1958 मध्ये प्रकाशोपचाराचा निबंध आला. दहा वर्षांनी अशी कावीळ मुळातच टाळणारं अँटी-डी इंजेक्शन उपलब्ध झालं. अपुऱ्या दिवसांची कळ आल्यास आईला स्टेरॉइड द्यायचं, हे ऑकलंडच्या लिगिन्स आणि हाउवी यांनी 1972 मध्ये दाखवलं. त्याने बाळाची फुप्फुसं तयार होतात. पुढे मॅग्नेशियम सल्फेटने मेंदूचंही काहीसं रक्षण होतं, हे सिद्ध झालं.

मात्र गुदमरणं हे मोजक्याच मुलांमागचं कारण, हा निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही. जिथे बाळंतिणीला वेळेवर वाहन मिळत नाही, कावीळ ‘कोवळ्या उन्हाने जाईल’ म्हणून घरीच ठेवली जाते, मेंदूज्वराचं निदान उशिरा होतं, तिथे टाळता येण्याजोग्या कारणांचा वाटा मोठाच राहतो. 2021 च्या हेलिक्स चाचणीने हा फरक ठळक केला. गुदमरलेल्या बाळाचं शरीर तीन दिवस थंड ठेवण्याचा उपचार पाश्चात्त्य देशांत लाभदायक ठरला होता. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत, ज्यांत मुंबईचं शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालयही होतं, त्याने अपंगत्व कमी झालं नाही, उलट मृत्यू वाढले. इजा आधीपासून आणि अधिक काळ होत असावी, हे त्याचं एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. म्हणजे इथला प्रश्न शेवटच्या तासाइतकाच गर्भारपणातल्या महिन्यांचाही आहे.

कारण शोधावं ते याचसाठी: पुढच्या गर्भारपणात काय सांभाळायचं हे कळावं, आणि सेरेब्रल पाल्सीसारखा दिसणारा पण औषधाने आटोक्यात येणारा दुसरा विकार निसटू नये. लेव्होडोपाच्या गोळीने सुधारणारा डिस्टोनिया हा त्यांतलाच.

कारणाच्या शोधाइतकंच महत्त्वाचं मुलाचं शिक्षण. मुंबईत 1972 मध्ये मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली ती सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या शाळेसाठी. त्यांच्या मुलीलाही हाच विकार होता. मेंदूची इजा वाढत नाही, पण व्यायामाविना स्नायू आखडत जातात, सांधे निसटतात आणि शिकण्याची वर्षंही निघून जातात. आता सहा महिन्यांच्या आतही निदान होऊ शकतं. ‘बापही उशिराच चालला होता’ म्हणत वाट पाहण्यात किंवा आईची उलटतपासणी घेण्यात गेलेले महिने त्या मुलाचे असतात. कारण कधी सापडतं, कधी नाही. फिजिओथेरपी आणि शाळा त्या शोधासाठी थांबवायची नसते.